काळा साप, पांढरे पट्टे : दांडेकार का कवड्या? आन् चावलाच तर पयले काय करावं?

पऱ्हाटीवाला (ता. आर्णी, यवतमाळ)
राम राम मंडळी. वावरातल्या कोठ्यात परवा रात्री साप निघाला. सोयाबीन सोंगायले मेळघाटाकडचे मजूर आले हायेत, बायका-लेकरं धरून सगळे कोठ्यातच ताडपत्री टाकून खाली झोपतात. रात्री एक बाई उठली तर बॅटरीच्या उजेडात लेकराच्या उशापाशी हे लांबडं, काळंकुट्ट, चकचकीत, आंगावर पांढरे बारीक पट्टे, दीड-दोन हात असंन. आरडाओरडा झाला तसं भिताडाच्या भोकात गेलं निघून. आमचा गडी म्हणते कवड्या हाय, काही करत नाही, झोपा. धुऱ्यावरचे काका म्हणतात दांडेकार हाय, हा चावला त माणूस सकाळ पाहत नाही. आता कोणाचं खरं मानावं? एका पोट्ट्यानं मोबाईलवर फोटो काढला, टाकून रायलो खाली, हललेला हाय, डोकं आलं नाही, मधलं आंग अन् शेपटी दिसते. बुढी म्हणते हिंग-लसणाचं पाणी शिंपड, कृषी केंद्रवाला म्हणते कार्बोलिक अॅसिड ठेव. अजून आठ-दहा दिवस सोंगणी चालन, मजूर घाबरून गेले त सोयाबीन उभंच रायते माझं. अन् समजा चावलाच त जवळच्या दवाखान्यात न्यावं का सिद्धं यवतमाळले? मागं एकाले नेलं होतं त जवळच्या दवाखान्यात लसच नव्हती, दोन घंटे तिथंच गेले. जाणकारांनी सांगा.

रानवाटा_चंद्रपूर
भाऊ, फोटो मोठा करून पाहिला. काका बरोबर हायेत. दांडेकारच हाय, म्हणजे पुस्तकातली मण्यार. काहून म्हणतो ते सांगतो. पट्टे पहा, दोन-दोनच्या जोडीनं हायेत अन् शेपटीकडे जास्त ठळक होत गेलेत. अन् पाठीच्या बरोब्बर मधून खवल्यांची एक ओळ दिसते ना, बाजूच्या खवल्यांपेक्षा मोठी, षटकोनी, जशी फरशी बसवली, ती ओळ मण्यारची. कवड्याचे खवले सगळे सारखे असतात, त्याचे पट्टे मानेपासूनच चालू होतात, तिथं रुंद अन् पिवळट असतात अन् शेपटीकडे विरत जातात. आंगही तपकिरी असते, असं निळसर काळं नाही. कवड्या भिताडावर सरसर चढते, पाली खाते, घरात निघालेला साप लय वेळा तोच असते, म्हणून तुमच्या गड्याचा अंदाज काही येडेपणाचा नाही. पण मण्यारचे पट्टे कधी कधी फिके असतात, पिल्लाचे पट्टे पार मानेपर्यंत येतात, अन् रात्री बॅटरीच्या उजेडात षटकोनी खवले कोण मोजते राजेहो? जमिनीवर झोपणाऱ्यानं काळा पट्टेवाला साप दिसला की दांडेकारच समजायचा, विषय संपला.

स्वभाव असा की दिवसा गुंडाळी करून डोकं आत घालून पडून रायते, छेडलं तरी चावायले पाहत नाही, त्याच्यामुळं लोकाले वाटते गरीब साप. रात्री मात्र उंदीर, पाली, दुसरे साप शोधत फिरते, अन् आंथरुणात माणसाचा हात-पाय त्याच्यावर पडला की चावते.

हिंग-लसूण सोडून द्या, सापाले त्याचं काही नाही. कार्बोलिक अॅसिड तर ठेवूच नका, लेकरं हायेत तिथं, चामडी जाळते ते. त्यापेक्षा भिताडाची भोकं माती-शेणानं लिंपून टाका अन् पोते, कुटार, धान्य झोपायच्या जागेपासून दूर न्या. धान्य आलं की उंदीर, उंदीर आले की साप. अन् कोणी रीलवाला सर्पमित्र येऊन सापाले फणा काढायले लावत असंन त हाकलून द्या. आमच्याकडं तेच जास्त झालेत आजकाल. खरोखर पकडायचा असंन त वनविभागाले १९२६ वर फोन लावा.

जुनं_खोड (दारव्हा)
सगळे शिकलेले लोक हाय इथं पण एक गोष्ट सांगतो, आमच्या गावात जाणता हाय, पान लागलेल्या (म्हणजे साप चावलेल्या) माणसाले बसवते, निंबाचा पाला चावायले देते, कडू लागला त जहर नाही, गोड लागला त चढलं. मंतर म्हणते, पाणी मारते, अन् माणूस चालत घरी जाते. माझ्या डोळ्यानं पाहिलेले हायेत. दवाखान्यात नेलेले मेले ते बी पाहिले. हे कसं मंग?

पीएचसीवाला_डॉक्टर
काका, तुम्ही पाहिलं ते खोटं नाही, फक्त त्याचं कारण मंतर नाही. आपल्याकडे चावणारे बहुतेक साप बिनविषारीच असतात, धामण, दिवड, कवड्या, तस्कर. त्यांना चावलेला माणूस जाणत्याकडे गेला काय, नाही गेला काय, चालतच घरी जाणार. दुसरं म्हणजे नाग-घोणससुद्धा कधी कधी कोरडा चावा घेतात, दात लागतात पण विष जात नाही किंवा अगदी कमी जातं. ही सगळी माणसं जाणत्याच्या खात्यात जमा होतात. आणि ज्याला खरंच विष चढलं त्याला दोन-तीन तास तिथे बसवून मग आमच्याकडे आणतात, तो दगावला की दवाखान्याच्या खात्यात. हिशोब असा आहे. तुमच्या जाणत्याचा राग नाही मला, त्यानं पाला चारायच्या ऐवजी गाडी बोलवली तर मी त्याला शाल-नारळ देईन.

आता मण्यारचं नीट सांगतो, कारण हा बाकी सापांसारखा नाही. घोणस चावली तर माणूस ओरडतो, पाय सुजतो, कोणालाही कळतं. मण्यार चावली तर मुंगी चावल्यासारखं वाटतं किंवा तेवढंही नाही, सूज नाही, रक्त नाही, दाताची खूण पुष्कळदा दिसतच नाही. माणूस कूस बदलून झोपून जातो. पहाटे तीन-चारला उठतो तो पोट दुखतं म्हणून, उलटी होते, घसा धरल्यासारखा वाटतो. घरचे म्हणतात रात्रीचं शिळं बाधलं, अॅसिडिटीची गोळी देतात, कोणी नाळगुंड सरकलं म्हणून पोट चोळून देतं. मग पापण्या जड होतात, डोळे उघडता येत नाहीत, बोलणं नाकातून येतं, थुंकी गिळता येत नाही, मान पडते. शेवटी छातीचे स्नायू काम सोडतात आणि श्वास थांबतो. म्हणून पावसाळ्यात, सोंगणीच्या दिवसांत, जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखी घेऊन उठला आणि डोळे झाकायला लागला, तर साप कोणी पाहिला नसला तरी सापच समजून निघायचं.

आणि एक गोष्ट सगळ्यांनी ऐका. असा माणूस मेल्यासारखा दिसतो, डोळ्याची बाहुली हलत नाही, हात उचलला तर पडतो, पण आतून तो जागा असू शकतो, तुमचं रडणं ऐकत असतो. श्वासाची नळी टाकून हातानं दाबायच्या अँबू बॅगनं किंवा व्हेंटिलेटरवर श्वास चालू ठेवला तर काही दिवसांनी उठून बसतो, आणि पुढे काही कमी राहत नाही. "गेला आता" म्हणून अर्ध्या रस्त्यातून परत फिरवू नका. तोंडाला तोंड लावून श्वास द्यायची वेळ आली तरी द्या.

लसबद्दल. आपण लस म्हणतो ती सर्पदंशाची प्रतिविषाची इंजेक्शनं, घोड्याच्या रक्तापासून बनतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चार सापांवर मिळून एकच लस आहे. म्हणून साप मारून पिशवीत घालून आणायची काही गरज नसते. मेलेला साप, नुसतं तुटलेलं डोकंसुद्धा काही वेळ चावू शकतं. ती आणायच्या नादात दुसरा पेशंट तयार होतो. लस रक्तात फिरणाऱ्या मोकळ्या विषाला धरते, पण मण्यारचं विष एकदा नसांच्या (मज्जातंतूंच्या) टोकांना लागून त्यांचं नुकसान करून बसलं की लस ते उलटवू शकत नाही, ती टोकं नव्यानं येईपर्यंत व्हेंटिलेटरच. म्हणजे मण्यारमध्ये घड्याळ सगळ्यात महत्त्वाचं. नागाच्या बाबतीत लसीबरोबर निओस्टिग्मिनचं इंजेक्शन बरंच कामी येतं, मण्यारला ते फारसं लागू पडत नाही. सुरुवातीला साधारण दहा व्हायल (लसीच्या छोट्या बाटल्या) लागतात, आणि लहान लेकरालाही मोठ्या माणसाएवढाच डोस, कारण सापानं लेकरू पाहून विष कमी सोडलेलं नसतं. सरकारी दवाखान्यात फुकट मिळते.

घोणस (तुमच्याकडची परड) चावली की आम्ही एक साधी टेस्ट करतो. काचेच्या स्वच्छ कोरड्या नळीत दोन मिली रक्त घ्यायचं, वीस मिनिटं हात लावायचा नाही, मग नळी तिरपी करायची. गाठ बनली तर ठीक, पाण्यासारखं वाहिलं तर रक्त गोठायची ताकद गेली, लस लगेच सुरू. मशीन लागत नाही, लाईट लागत नाही. नातेवाईक ओरडतात की "डॉक्टर नुसता नळीकडे पाहत बसला", पण त्या वीस मिनिटांवर पुढचं सगळं ठरतं.

धानबांधी_गोंदिया (आशा वर्कर)
डॉक्टर साहेबांनी पहाटेच्या पोटदुखीचं सांगितलं ते आम्हाला ट्रेनिंगमध्येही सांगतात. मी झोपायचं सांगते कारण आमच्याकडे सगळा खेळ तिथंच आहे. खाली झोपू नका हे सांगायला सोपं, पण मजुराच्या घरी बाजा किती असतात? एक असते, तीवर म्हातारा झोपतो. म्हणून मी बायांना मच्छरदाणी सांगते. नुसती टांगायची नाही, तिची कड चारी बाजूनं गोधडीखाली आत खोचायची, लेकरू लोळत कडेला गेलं तर बाहेरून चावू शकते म्हणून जरा मोठीच घ्यायची. नेपाळच्या तराईत याचा अभ्यास झालेला आहे, मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंश कमी झाले. मलेरियासाठी वाटलेल्या मच्छरदाण्या आमच्याकडे लोक मासे धरायला अन् भाजीच्या वाफ्यावर टाकायला वापरतात, काय सांगावं!

आमच्या भागात पट्टेरी मण्यारही निघते, काळे-पिवळे जाड पट्टे, आंग तीनधारी. लोक तिला राजसाप म्हणून हात जोडतात, ती दिसायला इतकी सुस्त असते की पोरं काडीनं ढकलतात. तीही विषारीच आहे, अन् डॉक्टरांनी वर सांगितलेल्या चार सापांत ती नाही, म्हणून तिच्यापासून तर अजूनच दूर राहायचं. रोवणीच्या वेळी बांधीत अन् नंतर तणसाच्या ढिगात जास्त सापडतात. तणीस ओढताना आधी काडीनं झोडपायचं, सरपण काढतानाही तेच. पहाटे मोहफुलं वेचायला जाणाऱ्या बायांनी टॉर्च अन् पायात काहीतरी घालूनच जावं.

पऱ्हाटीवाला (ता. आर्णी, यवतमाळ)
लय आभार सगळ्यांचे. आजच आर्णीवरून मच्छरदाण्या आणल्या, भोकं लिंपून घेतली. लेकरं दोन बैलबंडीवर झोपवून रायलो. डॉक्टर साहेब, गाडीचं सांगा. आमच्या कोठ्यापर्यंत पांदण रस्ता हाय, पावसात १०८ काय, ट्रॅक्टरबी फसते. मोटरसायकलवर नेलं त चालते का? का हलवल्यानं जहर जास्त चढते? अन् पायाले दोरी बांधा लागते ना?

पीएचसीवाला_डॉक्टर
मोटरसायकल चालते, तुमच्यासारख्या ठिकाणी तीच पाहिजे. पेशंट मधात, मागं एक जण धरून, तिघं. कुशीवर झोपवून नेणं जमत असेल तर जास्त चांगलं, पण पांदणीत गाडीची वाट पाहत तास घालवण्यापेक्षा डांबरी रोडपर्यंत मोटरसायकल अन् तिथे १०८ बोलावून ठेवा. पेशंटनं स्वतः चालायचं नाही, पळायचं तर नाहीच. चावलेला हात-पाय मोडल्यावर बांधतो तसा लाकडी पट्टी लावून हलू न देता ठेवा. जोडवी, कडं, बांगड्या, अंगठी, करदोडा काढून टाका, सूज आली की ते रुततं. कापणं, चोखणं, बर्फ, चुना, पोटॅश काही नको. दारू तर नकोच, आमच्याकडे निम्मे पेशंट "धीर यावा म्हणून" पाजून आणलेले असतात.

कुठं न्यायचं यावर. आधी फोन करा. सोंगणी चालू व्हायच्या आधीच जवळच्या दोन-तीन दवाखान्यांत जाऊन विचारून ठेवा की लस आहे का, रात्री डॉक्टर असतो का, श्वासाची नळी टाकायची सोय आहे का, आणि ते नंबर कोठ्याच्या भिंतीवर खडूनं लिहा. लस जवळ असेल तर तिथे सुरू करून मग पुढे हलवायचं, लस नसेल तर तिथे बसायचं नाही. दोन घंटे गेले म्हणालात ना, तो राग मला समजतो. वरिष्ठांना लेखी तक्रार जरूर द्या, साठा मागवला जातो तो अशानंच.

जुनं_खोड (दारव्हा)
बरं, पटलं अर्धं. निंबाच्या पाल्याचं अजून पटलं नाही.

मास्तर_मेळघाट
चर्चा सापावरच अडकली म्हणून थोडं बाकीच्या जनावरांचं. शाळेत पोरं रोज काहीतरी धरून आणतात त्यामुळं माझं बरंच वाचन झालं यावर. सापसुरळी चावली तर माणूस वाचत नाही असं घरोघरी सांगतात, तिला विषच नसतं. आपल्या देशात माणसाचा जीव घेईल असा एकही सरडा-पाल नाही. उगाच मारू नका बिचारीला.

२०२२ मध्ये "घोणस अळी" म्हणून व्हॉट्सअॅपवर किती धुमाकूळ झाला आठवते का, उसात-गवतात हिरवी काटेरी अळी, चावली की माणूस मरतो म्हणे. ती अळी चावत नाही, तिच्या अंगावरच्या काट्यात विष असतं, ते टोचले की भयंकर आग होते, पुरळ येते. चिकटपट्टी लावून ओढली की काटे निघतात, वर बर्फ फिरवायचा, बहुतेकांचं तेवढ्यात भागतं. श्वास लागला, तोंड सुजलं तर दवाखाना. तुरीच्या फुलावर काळे-केशरी पट्टेवाले भुंगे येतात, हिंगे, ते हातानं चिरडले की अंगातून तेल सुटतं आणि दुसऱ्या दिवशी चामडीवर फोड येतो. तुरीवाल्यांना माहीतच असेल, हातमोजे घाला, मानेवर बसला तर फुंकून उडवा, चापट मारू नका.

काही जनावरं चावत-डंखत नाहीत पण खाल्ली की विष. खरबरीत अंगाचा मोठा भेक पावसात अंगणात बसतो, त्याच्या डोळ्यामागं दोन फुगीर गाठी असतात, कुत्र्यानं तोंडात धरला की गाठीतून पांढरा चीक येतो आणि कुत्रं तोंडाला फेस आणून गोल फिरायला लागतं. पाण्यानं तोंड आतून-बाहेरून धुवून काढा, पाणी नाकात-घशात जाऊ देऊ नका. रुईवरची पट्टेपट्टेवाली अळी रुईचा चीक खाऊन तेच विष अंगात साठवते, तिचं नारंगी फुलपाखरू झालं तरी ते अंगातच असतं, म्हणून ते इतकं निवांत उडतं. एकदा खाल्लेलं पाखरू ओकून टाकतं, परत नाव घेत नाही. हा माझा आवडता धडा आहे, पोरं रुईची पानं उलटी करून करून झाड उघडं करतात.

विंचवाचं मात्र हसण्यावारी नेऊ नका.

लाडकी_लेक_वाशिम
मास्तर विंचवाचं सांगाच. आमच्याकडे इचू रोज निघतात, काळा जास्त वाईट का लाल? आईला चावला होता काळा, रात्रभर रडली पण सकाळी बरी झाली. आता वहिनीचा मुलगा लहान आहे, भिताडं मातीची.

पीएचसीवाला_डॉक्टर
ताई, मीच उत्तर देतो. दिसायला भीतीदायक तो मोठा काळा, जाड नांग्यांचा, पण त्याचा डंख बहुतेक नुसता दुखण्याचा. लहान, लालसर, बारीक नांग्यांचा विंचू घातक, विशेषतः लेकरांना. दुखणं कमी आणि घाम जास्त हे वाईट लक्षण. लेकरू घामानं भिजलं, हातपाय गार पडले, उलट्या, लाळ, छाती धडधडते, खोकला-दम लागला, की एक मिनिट थांबायचं नाही, त्यात हृदयावर ताण येऊन फुफ्फुसात पाणी भरतं. कोकणात पूर्वी अशी लाल विंचवाची तीस-चाळीस टक्के पेशंट दगावायची. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी ऐंशीच्या दशकात प्राझोसिन नावाची रक्तदाबाची साधी गोळी वापरून दाखवली, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापलं, आणि मृत्यू एक टक्क्यापर्यंत खाली आले. २०२२ ला पद्मश्री मिळाली त्यांना, मूळ जालना जिल्ह्यातले. ती गोळी स्वस्त आहे, पीएचसीत असते, पण डॉक्टरनं रक्तदाब बघूनच द्यायची, घरी आणून ठेवू नका. मातीच्या भिताडाला लागून पाळणा-गोधडी टाकू नका, चपला-कपडे झटकून घाला.

रानवाटा_चंद्रपूर
एक राहूनच गेलं, आर्णीवाल्या भाऊनं दोरीचं विचारलं होतं, त्याचं उत्तर आलं नाही.

पीएचसीवाला_डॉक्टर
हो, निसटलं. दोरी बांधायचीच नाही. घोणस चावली असेल तर विष तिथेच कोंडून पाय सडतो, आणि मण्यारला तिचा उपयोग नाही. पण कोणी आधीच आवळून बांधली असेल तर रस्त्यात सोडू नका. आमच्यासमोर, सलाईन अन् लस तयार असताना सोडतो आम्ही, नाहीतर अडवलेलं विष एकदम वर जातं आणि पेशंट टेबलावरच श्वास सोडतो.